शब्बाथ लागायच्या आत

“डॉक्टर, इथं सूर्य किती वाजता मावळतो?”

कॅज्युअल्टीच्या बाकावर बसलेल्या बाईंनी विचारलं. दोन वाजून गेले होते. आत स्ट्रेचरवर त्यांचे मिस्टर होते. हैदराबादहून पुण्याला निघाले होते. नळदुर्गच्या अलीकडं गाडीतच छातीत कळ आली. ड्रायव्हरनं गाडी आमच्या सरकारी दवाखान्यात आणली तेव्हा ईसीजीवर सरळ रेघ होती. आम्ही याला ‘ब्रॉट डेड’ म्हणतो. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेलेला माणूस.

असा माणूस आला की पोलिसांना कळवायचं, पोस्टमार्टेम करायचं, बॉडी ताब्यात द्यायची. मी चौकीला फोन केला आणि ओपीडीत जाऊन बसलो. बाहेर पेशंटची रांग होती. तासाभरानं परत आलो तर हा प्रश्न.

“साडेसहाच्या सुमाराला. का हो काकू?”

“त्याच्या आत ह्यांचं दफन व्हायला हवं.”

नवऱ्याचं नाव सॅमसन, बायकोचं अबिगेल, सोबतच्या मुलीचं दीना. रजिस्टरला आम्ही ‘ख्रिश्चन’ लिहून मोकळे झालो होतो. काकूंनी ते खोडायला लावलं.

“आम्ही ज्यू. बेने इस्राएल. मूळचे कोकणातले. तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणायचे.” त्यांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. “शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो. उद्या संध्याकाळी सुटेल. त्यात काम नाही, प्रवास नाही, दफनही नाही. आणि गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, असं आमच्याकडं मानतात.”

त्या दिवशी शुक्रवारच होता. पुणं सहा तासांवर.

“तुम्ही आधी का न्हाय सांगितलं?”

“तुमच्यापुढं रांग होती,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवू नका त्यांना. आणि जमलं तर कापू नका.”

एक अख्खा तास मी वाया घालवला होता. त्यांनी तो घड्याळाकडं बघत काढला होता.

मी अधीक्षक मॅडमना फोन लावला.

“पीएम न करता बॉडी द्यायची? कशाच्या आधारावर?”

आधार दीनाच्या पिशवीत होता. बारा दिवसांपूर्वीची अँजिओग्राफी, तीन ब्लॉक. पुण्यात बायपास करायची म्हणूनच ते निघाले होते. हैदराबादच्या हार्टच्या डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकलं, व्हॉट्सॲपवर ईसीजी बघितला आणि मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट पाठवायला तयार झाले. हवालदारानं दीनाचा, काकूंचा, ड्रायव्हरचा जबाब घेतला. कुणाला संशय नव्हता.

“बाहेरून नीट तपासा आणि लिहा,” मॅडम म्हणाल्या. “उद्या काही निघालं तर सही तुमची आहे.”

“व्हय मॅडम. माझीच आहे.”

डोक्यापासून तळपायापर्यंत तपासलं. कुठं इजा नाही, वळ नाही. सही केली तेव्हा तीन वाजून गेले होते.

आता जागा. ज्यूंचं कबरस्थान आमच्या आसपास कुठंच नाही. सिस्टर मार्था आमची सगळ्यांत जुनी नर्स. ती मघापासून ऐकत होती. तिनं तिच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावून घेतलं. ते मोटरसायकलवर आले, काकूंना नमस्कार केला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दफनभूमी आमच्या चर्चच्या मंडळीची आहे. बाहेरच्या माणसाला जागा द्यायची तर पंचांची मीटिंग घ्यावी लागंल. रविवारी घेऊ.”

“रविवारी काय उपयोग?” मार्था म्हणाली. “साहेब, येशू कोण होता?”

“काय विचारताय सिस्टर!”

“ज्यू होता का न्हाय? त्याला क्रुसावरनं कधी काढला? शुक्रवारीच ना? शब्बाथ लागायच्या आत ठेवायचा म्हणून सगळी घाई. आणि ठेवला कुठं? दुसऱ्यानं स्वतःसाठी खोदलेल्या कबरीत. दर गुड फ्रायडेला तुम्हीच सांगता.”

पाळकसाहेबांनी मोटरसायकलची किल्ली खिशात टाकली.

“माझ्या मालकांच्या शेजारची जागा माझ्या नावानं राखलेली आहे,” मार्था म्हणाली. “ती द्या. पंचांना मी सांगते. माझ्या जागेला कोण हरकत घेतंय बघू.”

मी भूम गावचा, घर बौद्ध. हे सगळं मला नवीन होतं. पण आपली शेवटची जागा अनोळखी माणसाला देणं म्हणजे काय, हे कळायला कुठला धर्म माहीत असायला लागत नाही.

काकूंनी तिचा हात धरला. “एकच विनंती. वर क्रूस नको.”

“न्हाय लावणार,” पाळकसाहेबांनीच उत्तर दिलं. आणि खोदायला माणसं बोलवायला निघून गेले.

काकूंनी सांगितलं, पुरुषाला अंघोळ पुरुषांनीच घालायची. आमचे वॉर्डबॉय भारतमामा आणि मी आत गेलो. काकू दाराबाहेरून सांगत होत्या. उघडं ठेवू नका, जेवढा भाग धुताय तेवढाच उघडा. पालथं घालू नका. शेवटचं पाणी ओतताना धार तोडू नका. मग पांढऱ्या कोऱ्या कापडात गुंडाळा. भारतमामा बादलीमागं बादली देत होते.

“सर, हळू,” ते मधेच म्हणाले. “मास्तर व्हते म्हणं.”

मी पंधरा वर्षं बॉड्या तपासत आलोय. अंघोळ पहिल्यांदा घातली.

मार्चची जमीन, वर माती आणि खाली मुरूम. पाच जण आळीपाळीनं कुदळ मारत होते. साडेपाचला खड्डा पुरेसा झाला. काकूंनी आपल्या ब्लाउजच्या गळ्यापाशी कात्री लावली आणि कापड हातानं फाडलं. त्यांच्यात दुःख असं दाखवतात. दहा ज्यू पुरुष जमले की म्हणायची एक प्रार्थना असते, ती राहिली. तिथं दहा सोडा, एकही नव्हता. मग दीनानं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे दोन्ही धर्मांतलं स्तोत्र मराठीतून म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला मार्थाचा आवाज त्यात मिसळला. मग पाळकसाहेबांचा, मग कुदळवाल्यांचाही. सगळ्यांना पाठ होतं. एखाददुसरा शब्द वेगळा पडायचा, की ते थांबून दीनाला पुढं जाऊ द्यायचे. काकू तेच हिब्रूतून पुटपुटत होत्या.

पहिली माती काकूंनी टाकली. सहाला दहा कमी होते.

शब्बाथात त्यांना प्रवास करता येणार नव्हता. मार्थानं दोघींना आपल्या क्वार्टरवर नेलं. सूर्य मावळायच्या आत काकूंनी तिच्या ओट्यावर दोन दिवे लावले. शनिवारी तिघी घरातच होत्या. शब्बाथात उघडपणे शोकही करत नाहीत, असं दीनानं मला सांगितलं. दुपारी चौकशीला गेलो तर काकू खिडकीपाशी स्वस्थ बसल्या होत्या. फक्त बोटं साडीच्या पदराशी चाळा करत होती.

रविवारी सकाळी तिघी कबरीवर गेल्या. मीही गेलो. परतताना मार्था माझ्या बाजूला आली.

“सर, येशूच्या कबरीवर बायका तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. लहानपणापासनं ऐकत आलेय. मला वाटायचं, शनिवारी का न्हाय गेल्या? इतका जीव होता तर एक दिवस थांबल्या कशा?” तिनं पुढं चाललेल्या काकूंकडं बघितलं. “काल माझ्याच घरात बघितलं, कशा थांबतात ते.”

दहा वाजता मायलेकी पुण्याला गेल्या. पंचांची मीटिंग त्याच दिवशी झाली. दोन पंच नाराज होते, पण जागा दिल्याचा ठराव झाला. मार्थाला दुसरी जागा मिळाली, भिंतीकडंची, नवऱ्यापासून बरीच लांब. पीएम का केलं नाही, याचा मॅडमनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. तो दिला.

तेव्हापासून ब्रॉट डेड केस आली की मी नातेवाइकांना आधी विचारतो, “तुमच्यात वेळेचं काही बंधन आहे का?” बहुतेक जण नाही म्हणतात. विचारायला अर्धं मिनिट लागतं.