‘न्हाय’ नाही, ‘नाही’ म्हणा

आमचे हे गेल्यावर वर्षभर मी टीव्हीशी भांडले. मग नातीनं फर्मावलं, “आजी, एखाद्या संस्थेत काम कर. फुकट काम करणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.”

म्हणतात की! पहिल्या संस्थेला डोंगरावर झाडं लावायची होती. माझे गुडघे बघून त्यांनी मला खुर्चीच दिली. दुसऱ्या संस्थेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा होता; मला तो चालूही करता येत नाही. मंगळवार पेठेतल्या तिसऱ्या संस्थेतल्या मुलीनं फॉर्म भरताना विचारलं, “आजी, तुम्हाला काय येतं?”

“बोलता.”

ती हसली नाही. घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांशी जाऊन बोलणारीच माणसं त्यांना हवी होती. फॉर्मवर ‘भाषा’ असा एक रकाना होता. मी ऐटीत सांगितलं, “शुद्ध मराठी लिही.”

ही ऐट जुनी. मी मूळची खेड्यातलीच, पण लग्नात बी.ए. होते. पास क्लासात. तोरा मात्र असा, की मराठीचं व्याकरण जणू मीच जन्माला घातलंय. सासूबाई म्हणायच्या, “भाकरी हाय, कोरड्यास न्हाय.” भाजी-आमटी संपली, एवढंच सांगायचं असायचं त्यांना. मी हातातलं काम सोडून सांगायची, “‘न्हाय’ नाही, ‘नाही’ म्हणा. उद्या मुलं तेच शिकतील.”

“बरं बाई,” असं म्हणून त्या हसायच्या. पुढं पुढं माझ्यासमोर नुसती मान हलवायला लागल्या. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, आमच्या सासूबाई किती शांत आहेत! तेव्हाची ती बी.ए. सून आज माझ्या दारात आली, तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

तर संस्थेनं मला कसबा बावड्यातल्या एका आजींकडं पाठवलं. वय ऐंशीच्या पुढं. गावचं घर सोडून मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. आता जेवणही सुटत चाललं होतं. सून पार रडकुंडीला आलेली. “काकू, डॉक्टर म्हणतात, बाकी सगळं ठीक आहे. पण ह्या दिवसभर भिंतीकडं बघत बसतात. एक शब्द बोलल्या तरी मला पुरे.”

तीन मंगळवार मी बोलले. पेपर वाचून दाखवला. “आता आपल्याला बरं वाटतंय ना?” असंही विचारलं. त्यांच्याआधी भिंतच बोलली असती.

चौथ्या मंगळवारी सुनेनं चहा दिला आणि मी बेसावधपणे मोठा घोट घेतला.

“आये गं! भाजलं की त्वांड!”

माझ्या आईची बोली. कॉलेजात जायच्या आधी माझीही तीच होती. आजींची मान वळली.

“मग फुकून पी की, पोरी.”

सत्तरीतली मी पोर! सून दारातच थबकली. तिच्याकडं न बघता आजींनी मला विचारलं, “म्हसरं हायती का तुज्याकडं?”

“न्हायती.”

“मग दिसभर करतीस काय?”

“हितं येऊन तुमचं डोस्कं खाती.”

त्या बोळक्या तोंडानं हसल्या. सुनेनं पटकन दुधात कुस्करलेली भाकरी आणली, ती आजींनी अर्धी खाल्ली. तोंड पुसता पुसता म्हणाल्या, “सासू हाय का गं तुजी?”

सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, “आजी, दुखतंय का?” त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. ओठ जुळवले आणि अगदी नीट म्हणाल्या, “नाही.” दुखत होतं. चादर मुठीत आवळून धरली होती. दुखण्याला त्यांच्या बोलीत कितीतरी शब्द होते, पण माझ्यासमोर खात्रीनं काढता येईल असा तेवढा एकच उरला होता. मला तेव्हा बरं वाटलं. दुखत नाही म्हणून नव्हे. ‘नाही’ म्हणाल्या म्हणून.

“न्हाय,” मी आजींना म्हणाले. “गेली.”

“बोलकी हुती का?”

“हुती. मी घरात यायच्या आदी.”

 आजींनी कप माझ्या बाजूला सरकवला.

“पी आता. निवला.”