चौकटीत न बसणारी सकाळची बस

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी तासावर समाजशास्त्र शिकवते. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की राम राम. म्हणून परदेशी पैशाचं सर्वेक्षण आलं तेव्हा सगळ्यात आधी हात माझाच वर गेला. पाच देश, प्रश्न एकच: मुलं शाळा-कॉलेज का सोडतात?

आधी चर्चासत्र झालं. कोणता देश सामाजिक संशोधनावर किती खर्च करतो, ते पाहुण्या सरांनी पडद्यावर आलेखात दाखवलं. इतरांचे खांब ताडमाड. आपला शोधायला सर चष्मा पुसत पडद्यापाशी गेले, "हा बघा" म्हणाले, तर तो त्यांच्या बोटाखालीच झाकला गेला. सगळे हळहळले आणि जेवायला गेले. दोन गोड पदार्थ होते. खर्चच होत नाही, असं मला तरी वाटलं नाही.

माझ्या वाट्याला आर्वी तालुक्यातलं, रोहण्याकडचं एक गाव आलं. तिथे सर्वेवाला दिसला की लोक त्याला सरळ एका काकूंच्या घरी धाडतात. बाकीचे वावरात, काकूंचे गुडघे गेलेले, म्हणून त्या घरी. पाणी असो, संडास असो, मतदान असो, गावाचं मत म्हणजे काकूंचं मत. वर प्रत्येकाला चहा. आपल्या जिल्ह्यात या शास्त्रावर नेमानं खर्च करणारं हे एकच घर असावं.

"सांगतो सारं," काकू म्हणाल्या, "पण माहं एक काम करा. सकाळची बस बंद झाली. माही नात आर्वीले अकरावीत हाय. पोट्टी फाट्यापरेंत पायी जाते, पहिला तास रोज बुडते. तेवढी बस चालू करून द्या."

"काकू, बस माझ्या हातात नाही हो."

"मंग तुमी काऊन येता बाप्पा? मागचा बी असाच म्हणे. चहा पिऊन गेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत आल्यावर सर्वेक्षण पाहणाऱ्या आमच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, "छान निरीक्षण आहे," आणि मोबाइल पाहू लागले.

सहा महिन्यांनी दुसरी फेरी, तेच घर. भर दुपारी नात घरी. कॉलेज कायमचं सुटलं होतं.

मी टॅब उघडला. कारण निवडा: आजारपण, लग्न, घरकाम, शिक्षणात रस नाही. 'इतर' नव्हतंच. पाच देशांची तुलना करायची तर चौकटी सारख्याच हव्यात म्हणे. तिकडे कुणाची बस बंद होत नसेल बापडी! आजारी ती नव्हती, लग्न नव्हतं, घरकाम तर ती आधीही करतच होती. काही दाबल्याशिवाय टॅब पुढे सरकेना.

"मॅडम, मले तं शिकाचं होतं," ती म्हणाली.

मी 'रस नाही' दाबलं.

"बसचं लिवलं ना, मॅडम?"

"हो गं, लिहिलं," मी म्हणाले आणि टॅब पर्समध्ये घातला.