अंड्यांचा ट्रे आणि एकोणिसावा गडी

शनिवारी दुपारी एक वाजून बावन्न मिनिटांनी नोलीन लिंडनर ब्रॅम्बल वेलच्या मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून अंड्यांच्या ट्रेमध्ये बाटल्यांची झाकणं मांडत होती. ट्रे तीस अंड्यांचा. त्यातले अठरा खळगे हिरवे रंगवलेले, म्हणजे मैदानावरचे अठरा खेळाडू. चार लाल, म्हणजे बाकावरचे चार. उरलेल्या आठांत चष्मा, पेन्सिल, पेपरमिंटच्या गोळ्या असा संसार. प्रत्येक झाकणावर नेलपॉलिशनं जर्सीचा आकडा लिहिलेला. एक गडी आत गेला आणि एक बाहेर आला की दोन झाकणं जागा बदलतात. लीगनं दोन वर्षांपूर्वी या कामासाठी प्रत्येक क्लबला टॅब्लेट दिला. नोलीनचा अजून खोक्यात आहे.

हे काम दिसतं तितकं फुटकळ नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये एका संघाचे अठरा जण मैदानात असतात. समोरच्या कप्तानाला शंका आली तर तो अंपायरकडे मोजणी मागू शकतो. मग खेळ थांबतो, सगळे मैदानाच्या मध्यावर रांगेत उभे राहतात आणि अंपायर एकेकाकडे बोट दाखवत मोजतो. एकोणीस निघाले तर त्या संघाचे तोवरचे सगळे गुण पुसले जातात. अठराच निघाले तर उगाच मोजणी मागणाऱ्यांना दंड. नोलीन एकतीस वर्षं संघाची मॅनेजर आहे. तेवढ्या काळात ब्रॅम्बल वेलची मोजणी चारदा झाली. चारही वेळा अठरा.

नोलीन त्रेसष्ट वर्षांची. आठवड्याचे पाच दिवस ती शाळेची बस चालवते, आणि संघातले बावीसच्या बावीस जण कधी ना कधी त्या बसमधून शाळेत गेलेले आहेत. त्यामुळे दाढ्या वाढलेले, पोरंबाळं असलेले पुरुषही तिला ‘मिसेस लिंडनर’ म्हणतात आणि तिच्यासमोर बाकावर पाय ठेवत नाहीत.

तिचा नवरा रेक्स मात्र नऊ किलोमीटरवरच्या स्टाइनटालचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली. तो ब्रॅम्बल वेलमध्ये राहतो, तिथल्या कोंबड्यांना दाणे टाकतो, पण क्लब त्यानं बदललेला नाही. स्टाइनटालच्या सामन्याला त्यांच्या बाजूचा वेळ-अधिकारी तोच असतो.

लीगमध्ये दोन गट, प्रत्येकात आठ क्लब. पहिल्या गटात तळाला राहील तो दुसऱ्यात घसरतो आणि दुसऱ्यातला पहिला वर येतो. ब्रॅम्बल वेलनं यंदा एप्रिलपासून तळाचीच जागा धरली होती. पहिले पाच सामने हरले. मे महिन्यात त्यांचा गोल मारणारा हुकमी गडी चुलतभावाच्या लग्नाला बालीला गेला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून परतला. जूनमध्ये एक सामना इतक्या दाट धुक्यात झाला की आपण जिंकलो हे खेळाडूंना भोंगा वाजल्यावर गुणफलकापाशी जाऊन कळलं. तिथून कुणास ठाऊक कसे, आणखी तीन सामने जिंकले. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तक्त्यावर सगळ्यात खाली दोन क्लब बरोबरीत उरले, ब्रॅम्बल वेल आणि स्टाइनटाल, आणि शेवटचा सामना त्या दोघांतच होता. हरेल तो खाली जाणार. खाली म्हणजे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, गवतापेक्षा काटे जास्त असलेली मैदानं आणि अंघोळीला गार पाणी.

सकाळी नाश्त्याला नोलीननं विचारलं, “अंडं एक की दोन?”

“आज तुझ्या हातचं खाणार नाही,” रेक्स म्हणाला. “काय घालशील सांगता येत नाही.”

“मीठ घालीन. दुसऱ्या गटात मिळत नाही म्हणतात.”

“पुढच्या वर्षी जाऊन बघ आणि मला कळव.”

त्यानं दोन अंडी खाल्ली.

सामना सुरू झाला तेव्हा मैदानाभोवती दीडशे गाड्या नाकं आत करून उभ्या होत्या. इकडे गोल झाला की टाळ्या वाजवायची पद्धत नाही, हॉर्न वाजवतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला की सहा गुण आणि सगळे हॉर्न. बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण आणि एखाददुसरा हॉर्न, तोही चुकून कोपर लागल्यासारखा. तीन सत्रं अशीच पुढे-मागे होत गेली. चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्राच्या एकविसाव्या मिनिटाला स्टाइनटाल सत्तावन्न, ब्रॅम्बल वेल त्रेपन्न.

मग ब्रॅम्बल वेलनं गोल मारला. एकोणसाठ.

हॉर्नचा असा कल्लोळ झाला की मैदानामागच्या कळपातल्या मेंढ्यांनी कुंपण सोडून टेकडी गाठली. प्रशिक्षक ब्रेट कॉस्टलोनं पाण्याची बादली स्वतःच्याच डोक्यावर ओतली. खेळाडू एकमेकांच्या अंगावर चढले, पाणी देणारे दोघेही त्या ढिगात शिरले. चेंडू मध्यावर आला, ढीग विस्कटला, जो तो आपापल्या जागी गेला. नोलीननं सवयीनं ट्रेकडे पाहिलं. लाल खळग्यांत चार झाकणं. मग बाकाकडे पाहिलं. बाकावर तिघे.

झाकण कमी नव्हतं, माणूस कमी होता. तेवीस नंबर. डार्सी फाइफर.

डार्सी प्लंबर, वय अडतीस, वजन एकशे चार किलो, गुडघ्याला पट्टा. हा त्याचा शेवटचा हंगाम. गोल झाल्यावर मिठी मारायला तो बाकावरून उठून आत धावला होता, आणि मिठी मारून झाल्यावर पंधरा वर्षांच्या सवयीनं थेट स्वतःच्या जुन्या जागेवर, गोलच्या खांबांजवळ जाऊन उभा राहिला होता. कंबरेवर हात ठेवून. खुशीत.

मैदानात ब्रॅम्बल वेलचे एकोणीस जण होते आणि ते अजून एकट्या नोलीनला माहीत होतं.

ब्रेटला सांगावं तर त्याची कुजबुज पुढच्या तालुक्यात ऐकू जाते. निरोप घेऊन आत धावणाऱ्या माणसाची पोटरी तिसऱ्या सत्रातच गेली होती. तो बर्फ लावून बसला होता. डार्सीला हाक मारून बाकाशेजारच्या दारानं बाहेर काढावं तर दारात स्टाइनटालचा मॅनेजर उभा. आत कुणी न जाता एक बाहेर आला की त्याला दोन सेकंदांत उमगलं असतं. दार सोडून मैदानाबाहेर पडायचा मार्ग नियमात एकच आहे: स्ट्रेचरवरचा माणूस कुठूनही जाऊ शकतो.

नोलीननं पाणीवाल्याचं नारिंगी जाकीट अंगात घातलं, बाटली घेतली आणि धावायला लागली. ती याआधी कधी धावली होती ते तिला आठवत नव्हतं, आणि पन्नास मीटरनंतर आठवायची ताकदही उरली नाही. नशिबानं चेंडू दुसऱ्या टोकाला गेला होता आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे होत्या.

सगळ्यांच्या नव्हत्या. तिनं वर पाहिलं. शिडीवरच्या वेळ-अधिकाऱ्यांच्या खोलीच्या खिडकीत रेक्स दुर्बीण लावून उभा होता आणि त्याची हनुवटी एका लयीत खाली-वर होत होती. चाळीस वर्षं नोलीन ही हनुवटी बघत आली होती. तो मोजत होता.

हनुवटी थांबली. दुर्बीण खाली आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नोलीननं उरल्यासुरल्या ताकदीनं पाय उचलायला सुरुवात केली.

रेक्सला खोली सोडता येत नव्हती. घड्याळ सोडणाऱ्या वेळ-अधिकाऱ्याला लीग पुढच्या वर्षी बसवत नाही. तो ओरडला, पण स्टाइनटालच्या गाड्यांनी कसल्याशा एका गुणासाठी हॉर्न धरले होते. त्यानं कागदावर काहीतरी खरडलं आणि खिडकीतून टाकलं. कागद वाऱ्यावर गिरक्या घेत एका ट्रकच्या टपावर जाऊन बसला. मग रेक्सनं दुसरा कागद घेतला, तो आपल्या अर्ध्या उरलेल्या पॅस्टीभोवती, म्हणजे मटण भरून भाजलेल्या मोठ्या करंजीभोवती, गुंडाळला आणि फेकला. पॅस्टी स्टाइनटालच्या पाणीवाल्याच्या मानेत बसली. त्यानं आधी मान चोळली, मग वर पाहून एक शिवी दिली, मग कागद उलगडला.

तोवर नोलीन डार्सीपाशी पोचली होती.

“मिसेस लिंडनर? तुम्ही आत काय करताय?”

“पाणी पी. कुणाच्या बदल्यात आलास तू?”

डार्सीनं घोट घेतला आणि विचार केला. घोट तोंडातच राहिला.

“पड,” नोलीन म्हणाली.

“अं?”

“गुडघा धर आणि पड.”

“कुठला गुडघा?”

“डार्सी, सहा वर्षांचा होतास तेव्हा दर सोमवारी पोटात दुखतंय म्हणून माझ्या बसमध्ये आडवा व्हायचास. तसा पड.”

डार्सी पडला. असा पडला की क्षणभर तिलाच शंका आली. पडताना त्यानं आईला हाक मारली, आणि आई दोन गाड्यांपलीकडेच बसली असल्यामुळे तिनं ओ दिली. अंपायरनं शिटी वाजवून खेळ थांबवला. क्लबचा मालीशवाला मर्व्ह ओट्स, वय बहात्तर, आणि त्याची मुलगी केली स्ट्रेचर घेऊन धावले.

“याला उचलायचं?” मर्व्हनं विचारलं.

“ओतायचं नाहीये. उचल,” केली म्हणाली.

सीमारेषा पंधरा पावलांवर होती. बारा पावलं ते चालले. मग मर्व्हनं स्ट्रेचर खाली ठेवलं आणि कंबर धरली. “दोन मिनिटं,” तो म्हणाला.

स्टाइनटालचा पाणीवाला आपल्या कप्तानाच्या कानाशी लागला होता. कप्तान क्विन हॉफमन हात वर करून अंपायरकडे चालत होता. चालता चालता तो आतले मोजत होता, हे त्याच्या ओठांवरून कळत होतं.

नोलीननं मर्व्हच्या बाजूचे दांडे धरले आणि ओढलं. स्ट्रेचर हललं नाही. मग ते थोडं हललं, कारण डार्सी टाच चिखलात रोवून स्वतःला ढकलत होता, ज्या पायाचा गुडघा गेला होता त्याच पायानं. “तो नाही, दुसरा,” नोलीन दातांतून म्हणाली. त्यानं पाय बदलला. एक हात, दोन हात. डार्सीचं डोकं रेषेपलीकडे गेलं, मग पोट, आणि पोटाला जरा वेळ लागला. मग बूट.

“मोजणी,” क्विन अंपायरला म्हणाला.

ब्रॅम्बल वेलचे खेळाडू मध्यावर रांगेत उभे राहिले. त्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचे चेहरे फारच निष्पाप होते. अंपायरनं बोट दाखवत मोजलं. अठरा. क्विन म्हणाला, पुन्हा. अंपायरनं दुसऱ्या टोकापासून मोजलं. तरी अठरा.

“आणि तो?” क्विननं स्ट्रेचरकडे बोट दाखवलं.

“तो बाहेर आहे,” अंपायर म्हणाला.

डार्सीनं दुजोरा म्हणून कण्हून दाखवलं.

दंड म्हणून ब्रॅम्बल वेलला फ्री किक मिळाली, वर पन्नास मीटर पुढे. तिथून गोल चुकवणं अवघड असतं. पासष्ट. पुन्हा हॉर्न, आणि एकाचा हॉर्न अडकला तो सामना संपेपर्यंत वाजतच राहिला. एकोणतिसाव्या मिनिटाला स्टाइनटालनंही गोल केला. चौसष्ट. मग दोन्ही संघ चिखलात एका ढिगाखाली चेंडू धरून बसले असताना अंतिम भोंगा झाला. भोंग्याचं बटण रेक्सकडे होतं. त्यानं ते बरोबर वेळेला दाबलं, सेकंदाचाही उशीर न करता. आणखी अर्ध्या मिनिटात त्याचा क्लब वाचला असता, असं पुढे स्टाइनटालमध्ये बरेच जण म्हणाले.

क्लबच्या हॉलमध्ये डार्सी टेबलावर नाचत होता. त्याचा पट्टा आता भलत्याच गुडघ्याला होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर सामन्याचा कागद होता आणि त्यावर रेक्सची सही हवी होती. नोलीननं तो त्याच्यापुढे सरकवला. तळाला चौकट होती: तक्रार असल्यास लिहा.

“तक्रार?” तिनं विचारलं.

“माझी अर्धी पॅस्टी गेली.”

“नवी घेऊन देते. डार्सीला काय झालंय ते विचारणार नाहीस?”

“काय झालंय?”

“गुडघा.”

“कुठला?”

“दोन्ही.”

रेक्सनं पेनाचं टोपण काढलं. नोलीन उभी होती ती त्याच्यासमोर बसली. “एकोणीस होते, रेक्स. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तीन मिनिटं असतील.”

“दोन मिनिटं पन्नास सेकंद,” रेक्स म्हणाला. “घड्याळ माझ्याकडे होतं.”

“मग लिही.”

 त्यानं चौकटीत ‘मोजले तेव्हा अठरा’ एवढंच लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्याकडे परत सरकवला.

“पुढच्या वर्षी शनिवारी मला गाडी लागेल,” तो म्हणाला. “सव्वाशे किलोमीटर जायचंय.”

“मी चालत जाईन. मला मैदान जवळ आहे.”

“फार बोलू नकोस. वर्षभरात तुम्हीही खाली याल.”

“तोवर अंडी किती उकडू ते आधी सांग.”

उद्या रविवार. ब्रॅम्बल वेलच्या बावीस जर्स्या सकाळी साडेसातला लिंडनरांच्या मशीनमध्ये पडतील. एका फेरीत अकरा मावतात. तारेवर वाळत घालायचं काम रेक्सचं.