ओढ्यापलीकडच्या टाचण्या

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज खिडकीखालून डासांच्या धुराची गाडी गेली, आणि पुन्हा तेच आठवलं.

पालिकेच्या आरोग्य खात्यात शहराच्या नकाशावर डेंग्यूच्या रुग्णांच्या टाचण्या मी लावायचो. ओढ्यापलीकडची वस्ती नकाशात नव्हती, म्हणून तिथल्या टाचण्या मी अलीकडच्या सोसायटीवर टोचायचो. धूर सोसायटीतच फिरायचा.

वस्तीतली गिरिजाबाई कार्यालयात आली. "साहेब, डास आमच्याकडं अन् धूर त्यांच्याकडं व्हय? पोरगी तापलीय माझी."

"गाडी नकाशाप्रमाणंच जाते, बाई."

मुलगी गेली. पुढे वस्तीही उठवली. कागदावर शहर किती पुरं दिसतं! गिरिजाबाई त्यात तेव्हाही नव्हती, आताही सापडत नाही. खिडकीत धूर विरतोय. बाई, टाचणी चुकीच्या जागी मीच टोचली होती. मला माफ करा.