गाडवाटेला पाणी

आमच्या मळ्यातून डांबरी रस्त्याला लागायला दोन वाटा आहेत. एक नाल्यातून, जवळची. दुसरी मागच्या अंगाने केळीच्या बागांमधून जाणारी गाडवाट. उन्हाळ्यात दोन्ही चालतात. पावसाळ्यात सातपुड्यातून पाणी उतरलं की नाला बंद होतो, आणि गाडवाटेची काळी माती बैलालाही पाय उचलू देत नाही. पूर्वी त्याने काही अडत नव्हतं. दोन दिवस घरात बसायचं. आता बसता येत नाही. माझ्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना चोपड्याला डायलिसिसला न्यावंच लागतं.

नेणारी मी. ट्रॅक्टर तिशीत शिकले, जीप त्यानंतर. जीप जुनी आहे, पण फोर-बाय-फोर आहे. सकाळी डेअरीला दुधाचे कॅन, मग खताच्या गोण्या, बाजार, औषधं, सगळं तिच्यातच होतं. दारात उभी करून पुसायची गाडी नाही ती.

मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी नाला भरला, म्हणून मी गाडवाट धरली. निम्म्यावर एक खोलगट जागा आहे, तिथे जीप रुतली. तेव्हा आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं. बांधावरच्या केळीचे खांब तोडून चाकाखाली टाकले. हाताशी तेच असतं आणि दिसायला जाड असतं. पण केळीचा खांब म्हणजे पाणीच. चाक फिरलं, खांबाचा चोथा झाला, आणि जीप साबणावरून घसरावी तशी सरळ कडेच्या चारीत गेली. शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला. साखळी बांधायला हूक नव्हता, म्हणून बंपरला बांधली. आधी बंपर निघाला, मग जीप. तोवर दवाखान्याची वेळ गेली. दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा यांचे पाय सुजले होते आणि एका दमात दोन शब्दसुद्धा बोलता येत नव्हते. डॉक्टर मला म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही."

मुलगा धुळ्याला नोकरीला आहे. तो आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "पुढच्या पावसाळ्याआधी दोघांनी धुळ्याला यायचं. दवाखाना घराजवळ आहे, बिल्डिंगला लिफ्ट आहे."

"मी धुयाले जावाव नई," नवरा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मला धुळ्याला जायला काही अडचण नव्हती. नळाला पाणी येतं, शेण काढावं लागत नाही. पण मागे यांना तिथे ठेवून पाहिलं होतं. ताटावर बसायचे आणि उठायचे. मळ्यात बांधावर चक्कर मारली की भाकर खातात. न खाणाऱ्या माणसाचं डायलिसिस करून काय उपयोग? म्हणून मी मुलाला म्हणाले, "मला उन्हाळा दे. गाडी तयार करते. पावसाळ्यात एकदा जरी दवाखाना चुकला, तर मी स्वतः यांना उचलून धुळ्याला आणीन."

"कबूल?" त्याने विचारलं.

"कबूल."

मुलगा कामाला लागला. मोबाईलवर मला गाड्या दाखवायचा. कमरेएवढी चाकं, टपावर दिव्यांची रांग, बाजूने वर गेलेली काळी नळी.

"ही नळी कशाला?"

"गाडी पाण्यात गेली तरी इंजिनाला हवा मिळते."

"आणि तुझ्या बापाला?"

नळीचं तिथेच संपलं. पूर आला की नाल्यात जायचंच नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. लढायचं होतं ते चिखलाशी.

धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेवर एक मिस्त्री असली कामं करतो. मार्चमध्ये आम्ही तिघं जीप घेऊन त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "अक्का, चार इंच वर उचलून देतो. रुंद टायर टाकू. पुढे विंच लावू. वायर झाडाला बांधायची, बटन दाबायचं, गाडी आपोआप बाहेर."

"कोणत्या झाडाला?"

"असेल ना एखादं."

"दोन्हीकडे केळीच आहे. तिला बांधली तर केळ माझ्याकडे येईल. गाडी तिथेच राहील."

मिस्त्री हसला. तिथेच एक उंच केलेली जीप उभी होती. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, चढून बघा बरं." डायलिसिसची सुई लावतात त्या हाताला ओढाताण चालत नाही. एका हाताने दांडी धरून त्यांनी पाय उचलला, तो पायरीपर्यंत गेलाच नाही.

"यानापेक्षा घोडा बरा व्हता," ते म्हणाले.

म्हणून गाडी उचलायची नाही असं ठरलं. नुसते स्प्रिंगचे दबलेले पाटे बदलून ती तिच्या मूळच्या उंचीवर आणायची. उलट यांच्यासाठी खाली एक जादा पायरी आणि आत धरायला दांडी. पुढे-मागे चेसिसला ओढायचे हूक. इंजिनाखाली जाड पत्रा. टायरवरून मात्र वाद झाला. मिस्त्री म्हणत होता, रुंद टायर चिखलावर तरंगतो. मी म्हणत होते, आमच्या वाटेला वीत-दीड वीत खाली मुरूम आहे. बैलगाडीचं चाक अरुंद असतं, ते माती कापून मुरमाला टेकतं. मला तसाच टायर हवा, खोल खाचांचा, पण अरुंद. शिवाय याच टायरवर रोज डांबरी रस्त्याने दूध न्यायचं होतं.

"फसलात तर मला बोलायचं नाही," तो म्हणाला.

"मी गाडीतच फसलेली असेन. तुला बोलायला कशी येईन?"

त्याने टायर दिले आणि वर बजावलं, की चिखलात शिरण्याआधी टायरची हवा कमी करायची, डांबरीला लागलं की पुन्हा भरायची. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंपही दिला. हवा कमी केल्यावर गाडी जास्तच रुतेल असं मला वाटलं. मी मान हलवली आणि मनातून सोडून दिलं.

जीप तयार झाली, पण ती चालते की नाही हे पावसाळ्यात कळून उपयोग नव्हता. तेव्हा यांना गाडीत बसवूनच कळलं असतं. म्हणून मे महिन्यात, दिवसा लाईट आली की मोटर चालू करून जुने पाइप जोडले आणि गाडवाटेच्या खोलगट जागेत पाणी सोडलं. शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला.

"अक्का, रस्तामा केई लावानी शे का?"

"केळी लावली तर पहिला घड तुलाच. पण चिखलात येऊन न्यावा लागेल."

पहिल्या खेपेला मी टायरमध्ये हवा पूर्ण ठेवून गेले. थोडंसं गेले आणि चाकं फिरायचीच थांबली. खाली उतरून बघते तर चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती ठासून भरलेली. खुरप्याने काढायला दुपार गेली. आमच्याकडे पावसाळ्यात सायकलचं मडगार्ड काढून ठेवतात, ते याच मातीमुळे. जीपचं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आतलं प्लास्टिक आणि चाकांमागचे रबराचे पडदे सोडवून घरात टाकले. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, पत्रा गंजेल ना."

"माझ्याआधी नाही गंजणार."

दुसऱ्या खेपेला मिस्त्रीचं ऐकून हवा कमी केली. लो गिअर टाकला आणि कुठेही न थांबता एका चालीत गेले. माती चाकाला लागत होती आणि उडून पडत होती. जीप पलीकडे निघाली. नवरा बांधावर खुर्ची टाकून बघत होता. शाबासकी द्यायचा त्यांचा स्वभाव नाही.

"आखो पानी सोड," ते म्हणाले. "आषाढमा इतलंच नई ऱ्हास."

बरोबर होतं. आणखी पाणी सोडलं आणि पुन्हा गेले. खोलगट जागेत अडकले, तेव्हा चाकाखाली कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या टाकल्या. त्या मोडतात, पण मातीला धरतात. जीप निघाली. त्या दिवसापासून टपावर पऱ्हाट्यांची पेंढी बांधलेली असते. चोपड्याच्या बाजारात लोक विचारतात, अक्का, चूल बरोबर घेऊन फिरता का?

जुलैत एका मंगळवारी नाला दोन्ही काठ धरून वाहत होता. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. मुलाचा फोन आला, "आई, नको काढू गाडी. मी काहीतरी बघतो."

"काय बघतोस? तू पलीकडे, नाला मध्ये." मी फोन ठेवला.

हवा कमी केली. यांना पायरीवरून आत बसवलं, मांडीवर दवाखान्याची पिशवी दिली. गाडवाटेवर कुठे वाट आणि कुठे बाग ते कळत नव्हतं. केळी बघून मधून जात राहिले. खोलगट जागेत जीपचं ढुंगण चारीकडे सरकलं. मी थांबले, खाली उतरले. चिखल पिंढरीपर्यंत. टपावरची पेंढी सोडून चारही चाकांपुढे पसरली.

"घसरनी ते?" यांनी काचेतून विचारलं. घसरली तर?

"तर धुळं," मी म्हटलं.

ते दांडी धरून बसले. पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या, चाकं मुरमाला टेकली आणि जीप वर आली. डांबरीवर हवा भरत होते तेव्हा ते म्हणाले, "बठ्ठं आंग हाली गयं." सगळं अंग हलून गेलं. मी म्हटलं, पाटे नवे आहेत, बसतील हळूहळू.

दवाखान्यात वेळेवर पोहोचलो. त्यांना खाटेवर घेतलं तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"कुठे आहात?"

"चोपड्यात. तुझ्या बापाला सुई लावताहेत."

तो म्हणाला, "गाडवाटेने आलात?"

"उडत नाही आलो."

"परतताना जपून ये. आणि शुक्रवारी..."

"शुक्रवारचं माझ्या लक्षात आहे," मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन गाडीतलं खुरपं काढलं. काळी माती एकदा वाळली की दगड होते. ओली आहे तोवरच चाकाच्या खोबणीतून काढावी लागते.