चार माग आणि एक कार्ड

आधी माझा मूर्खपणा सांगते. डिझाईनच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवताना मेकॅनिक म्हणाला होता, "काकू, आतला पॉवर सप्लायपण मोठा घ्या." मी अतिशहाणी! म्हटलं, "ज्या लाइनीवर चार माग चालत्यात, तितं तुझं कार्ड चालणार न्हाई व्हय?"

परवा नातीनं विचारलं, नव्या कार्डाला मोठा सप्लाय लागतो का, आणि तो जळका वास पुन्हा नाकात शिरला. तेव्हा कार्ड बसवल्यावर फट् आवाज होऊन पडदा काळा पडला होता. चादरीवरच्या मोराचं आठ दिवसांचं डिझाईन आतच अडकलं. त्याच्यासाठी खोळंबलेल्या मागांची ती शांतता मला खायला उठली. रडत रडत मी कॉम्प्युटरच्या पेटीला अंगारा लावला.

मागून सासूबाई म्हणाल्या, "मेकॅनिक सांगत हुता तवा ऐकलं न्हाईस. आता अंगारा पेटीला नगं, तुज्या डोस्क्याला लाव की!"