पितराच्या पाटावर

गावात मला बोटवाला म्हणतात. नौदलातून रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, तरी शिरपूरच्या स्टँडवर कुणीतरी विचारतंच, "काय नाना, एखादी गोळी तरी मारली का, का नुसतीच समुद्राची हवा खाल्ली?" माझं डोकं फिरतं. नाही मारली बाबा. माणसं वाहिली. झालं समाधान?

लंकेत आपली फौज गेली, तेव्हा मी फौजी नेणाऱ्या जहाजावर होतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा पायदळात होता. दोघंही सुट्टीवर आलेलो, दोघांनाही एकदमच बोलावणं आलं. एसटीत चढताना त्याच्या आईनं, अक्कानं, त्याचा हात माझ्या हातात दिला. "तुना हातमा देस, भाऊ. तूच लई ये." आमच्याकडे पोरगं सुरतेला पाठवायचं असलं तरी असंच कुणाच्या तरी हवाली करतात. परत घेऊन येतो, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

आणि नशीब बघा, मद्रासच्या धक्क्यावर त्याचीच पलटण आमच्या जहाजावर चढली. सोबतीला लढाऊ जहाज, चोख पहारा, दिवे बंद. तापीच्या पुरापलीकडे पाणी न पाहिलेली पोरं खाली ओकून ओकून आडवी झाली. तोही. किनाऱ्याला लागल्यावर जहाजाचं पुढचं दार उघडायचं काम माझं. मी उघडलं. तो बंदूक सावरत, पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यानं हसला आणि उतरून गेला. वाटेत एकही माणूस गमावला नाही म्हणून साहेबांनी आमची पाठ थोपटली. सुखरूप पोचवलं म्हणे! कुठं पोचवलं, ते कुणी बोललं नाही.

तो तिकडेच मारला गेला. घरी कलश आला. अक्कानं त्याला हात लावला नाही. ही राख त्याचीच कशावरून, म्हणाली. मला तिनं जाब विचारला नाही, शिवी दिली नाही, बोलणंच टाकलं. मी समोरून आलो की भिंतीकडे तोंड. चौकात त्याच्या नावाची कमान झाली. आता तिच्यावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लटकतात. मेलेल्याचं नाव झाकून जित्या गाढवांचे फोटो! अक्का मात्र दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, पोराची नाही. उद्या तो आला तर काय म्हणेल, म्हणायची.

यंदा आखाजीला तिची धाकटी सून सांगायला आली. अक्कानं पोराची घागर भरलीय, पितर म्हणून तुम्हाला जेवायला बोलावलंय. म्हणजे मेलेल्याच्या जागी पाटावर मी बसायचं. जाणार नाही, असं बायकोला ठणकावून सांगितलं आणि गेलो.

घागरीवर खरबूज, ताटात मांडे, आमरस. अक्का पार थकलीय, तरी तिनं स्वतःच वाढलं. मग माझ्यासमोर बसली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बोटवरथून उतरना, तवय काही खादं व्हतं का त्यानी?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. जमलं नाही.

"नही, अक्का. पोटमा काहीच टिकनं नही."

तिनं आणखी एक मांडा माझ्या ताटात टाकला, त्यावर रस ओतला.

"मंग आते खाय, राजा. भूक लागनी व्हई."